दाबून बसणारे जोड : मोजमाप, रेखन आणि लेसरने कापणी

खिळा, डिंक किंवा स्क्रू न वापरता दोन सपाट तुकडे एकमेकांत खुपसून जी वस्तू उभी राहते, तिच्या जोडास दाबून बसणारा जोड म्हणता येईल. ही कल्पना आपणांस नवी नाही. गावचा सुतार चौकटीच्या एका लाकडास भोक पाडतो, दुसऱ्याच्या टोकास कुसू काढतो आणि ते ठोकून बसवितो. कुसू सैल झाले तर चौकट डुगडुगते, जाड झाले तर लाकूड उकलते. सुताराची सारी विद्या या सैल व घट्ट यांमधील सूक्ष्म अंतरात साठविलेली असते. आज हीच विद्या लेसर-यंत्राच्या साह्याने पुठ्ठा, प्लायवुड व ॲक्रिलिक यांच्या पत्र्यांवर शिकविली जाते. उच्च प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांस तिचा उपयोग कसा करून घेता येईल, हे या लेखात सांगावयाचे आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. यंत्र दाखविणे म्हणजे शिक्षण नव्हे. यंत्र आखलेल्या रेषेवरून निमूटपणे जाते. रेषा चुकीची असेल तर चुकीचाच तुकडा ते अत्यंत सुबकपणे कापून देते. म्हणून शिकण्याचा खरा भाग यंत्राच्या आधी येतो. तो म्हणजे वस्तू मोजणे, त्या मापाचा विचार करणे आणि त्याप्रमाणे आखणे. या भागास पुठ्ठा, पट्टी, पेन्सिल व कात्री एवढेच साहित्य पुरते. आणि ते प्रत्येक शाळेत आहे.

१. या शिक्षणाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत (एम.आय.टी.) प्रा. नील गेर्शेनफेल्ड यांनी १९९८ साली ‘जवळजवळ काहीही कसे बनवावे’ अशा आशयाच्या नावाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून पुढे ‘फॅब लॅब’ नावाच्या कार्यशाळा जगभर निघाल्या. संगणकाने चालणाऱ्या यंत्रांची ओळख करून देताना तेथे आरंभीच्या अभ्यासांतच विद्यार्थ्यास दाबून बसणाऱ्या तुकड्यांचा संच बनविण्यास सांगतात. तेच तुकडे वेगवेगळ्या रीतींनी जोडता आले पाहिजेत, अशी त्यात अट असते.

या कार्यशाळांचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. ग्रामीण मुलांनी हाताने काम करीत शिकावे, हा त्यांचा हेतू होता. एम.आय.टी.बाहेर जगात ज्या पहिल्या फॅब लॅब निघाल्या, त्यांत २००२ साली पाबळ येथे निघालेल्या कार्यशाळेची गणना होते.

यंत्राच्या जन्मकथेतही आपल्या मातीचा अंश आहे. पुठ्ठा-लाकूड कापणाऱ्या यंत्रांत बहुधा कार्बन डाय-ऑक्साइड वायूचा लेसर असतो. हा लेसर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी सिद्ध केला. त्यांचा जन्म १९३८ साली बारामती येथे झाला आणि अभियांत्रिकीची पदवी त्यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून घेतली. विज्ञानाच्या तासाला ही माहिती विद्यार्थ्यांस अवश्य सांगावी.

२. यंत्र कसे कापते?

एका बंद काचनळीत कार्बन डाय-ऑक्साइड, नायट्रोजन व हेलियम या वायूंचे मिश्रण असते. त्यातून विजेचा प्रवाह सोडला म्हणजे विशिष्ट प्रकारचे किरण निर्माण होतात. या किरणांची तरंगलांबी सुमारे १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या जवळजवळ शंभराव्या भागाएवढी असते. ते डोळ्यांस दिसत नाहीत. आरशांवरून वळवीत त्यांना एका भिंगापर्यंत आणले जाते. भिंगाने सूर्यकिरण एकवटून कागद जाळण्याचा प्रयोग आपण वर्गात करतोच. येथेही भिंगाखाली किरण एका बिंदूत एकवटतात आणि त्या जागेचा पुठ्ठा वा लाकूड जळून, वितळून वा वाफ होऊन नाहीसे होते. भिंगाचा डोलारा संगणकाच्या आज्ञेप्रमाणे उजवी-डावीकडे व मागे-पुढे सरकतो आणि आखलेली आकृती कापली जाते.

कापण्यासाठी रेषांनी बनलेली आकृती संगणकावर काढावी लागते. ‘इंकस्केप’ व ‘फ्रीकॅड’ या नावांच्या आज्ञावली त्यासाठी विनामूल्य मिळतात.

३. काप : जे नाहीसे होते त्याचे माप

करवतीने लाकूड कापले की खाली भुसा पडतो. तो भुसा म्हणजे दोन तुकड्यांमधून नाहीसे झालेले लाकूडच होय. लेसर-किरणही असाच एक अरुंद पट्टा जाळून टाकतो. या पट्ट्याच्या रुंदीस आपण ‘काप’ म्हणू. पुठ्ठा, प्लायवुड वा ॲक्रिलिक कापताना तो बहुधा ०.१ ते ०.३ मि.मी. असतो. एवढ्याशा अंतराने काय होणार, असे वाटणे साहजिक आहे; परंतु जोड बसणे अथवा न बसणे हे याच अंतरावर ठरते.

किरण आखलेल्या रेषेच्या मधोमध जातो. त्यामुळे रेषेच्या दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा काप नाहीसा होतो. यावरून दोन नियम निघतात. बाहेरून कापलेला तुकडा आखलेल्या मापापेक्षा एका कापाने लहान होतो. आतून कापलेले भोक वा खाच आखलेल्या मापापेक्षा एका कापाने मोठी होते.

काप मोजण्याची एक सोपी रीत आहे. १०० मि.मी. लांबीचा आयत आखावा आणि आडव्या रेषांनी त्याचे दहा समान भाग करून यंत्रावर कापावेत. दहाही तुकडे पुन्हा एका ओळीत एकमेकांस चिकटवून ठेवावेत व एकूण लांबी मोजावी. समजा, ती ९८ मि.मी. भरली. दहा तुकड्यांत मिळून २ मि.मी. नाहीसे झाले, म्हणून एक काप ०.२ मि.मी.

येथे हुशार विद्यार्थी विचारील की, दहा तुकड्यांस अकरा रेषा लागतात, मग अकराने का भागू नये? हा प्रश्न शिक्षकाने आपण होऊन उपस्थित करावा आणि उत्तर मुलांकडून काढून घ्यावे. आतील नऊ रेषांवर पूर्ण काप तुकड्यांतून जातो. दोन टोकांच्या रेषांवर मात्र अर्धाच काप आयतातून जातो, उरलेला अर्धा बाहेरच्या टाकाऊ भागातून जातो. नऊ आणि दोन अर्धे मिळून दहा. खांब व कुंपण यांच्या परिचित उदाहरणासारखेच हे गणित आहे. भेद इतकाच की येथील उत्तर हाताने पडताळता येते.

काप हा यंत्राचा कायमचा गुण नव्हे. भिंगाची उंची, किरणाची शक्ती, सरकण्याचा वेग व पत्र्याचा प्रकार यांपैकी काहीही बदलले तर काप बदलतो. म्हणून नवा पत्रा घेतला की नवे मोजमाप घ्यावे.

४. खाच किती रुंद आखावी?

एका पत्र्याच्या खाचेत दुसऱ्या पत्र्याची कड बसावयाची असते. अर्थात तयार खाचेची रुंदी पत्र्याच्या जाडीएवढी हवी. पत्र्याची जाडी ‘ज’ व काप ‘क’ मानला तर :

आखावयाची रुंदी = ज – क

उदाहरण घेऊ. दुकानदाराने पत्रा ३ मि.मी.चा म्हणून दिला, पण मोजता तो २.८ मि.मी. भरला. काप ०.२ मि.मी. आहे. मग खाच २.६ मि.मी. आखली पाहिजे, कापल्यानंतर ती बरोबर २.८ होईल. जो विद्यार्थी न मोजता ३ मि.मी. आखतो, त्याची खाच ३.२ होते. २.८ चा पत्रा त्यात खुळखुळतो आणि सारी वस्तू आडवी होते. नावाचे माप आणि खरे माप यांतील हा भेद मुलांच्या मनावर ठसला, तर या उपक्रमाचे अर्धे कार्य झाले असे समजावे.

खाच जाडीएवढी झाली म्हणजे पत्रा आत जातो. पण त्याने घट्ट धरून ठेवावे असे वाटत असेल तर खाच आणखी किंचित अरुंद हवी. किती, हे पदार्थावर अवलंबून आहे. नालीदार पुठ्ठा दाबला जातो, म्हणून त्यास पुष्कळ घट्ट खाच चालते. प्लायवुड व लाकडाच्या भुशाचे दाबीव पत्रे थोडे दबतात. वरील उदाहरणात त्यांस २.५ मि.मी. आखून पाहावे. ॲक्रिलिक मुळीच दबत नाही. बळजबरी केल्यास खाचेच्या कोपऱ्यापासून तडकते. त्यासाठी २.६ हेच माप ठेवावे. सर्वच पदार्थांत खाचेच्या तोंडाशी दोन्ही कोपरे किंचित तिरपे कापावेत. म्हणजे पत्रा सहज आत शिरतो व कडा फाटत नाहीत.

पेटीच्या जोडात एका फळीची जीभ दुसरीच्या भोकात बसते. तेथे काप दुप्पट बाधतो. जीभ व भोक दोन्ही २० मि.मी. आखले, तर जीभ १९.८ होते आणि भोक २०.२, अंतर ०.४ मि.मी. पडते. जीभ २०.२ व भोक १९.८ आखल्यास दोन्ही २० होतात. जिभेस काप मिळवावा, भोकातून वजा करावा. असे का, हे मुलांनी वरील दोन नियमांवरून स्वतः सांगावे.

सूत्र कितीही बरोबर असले तरी मोठा पत्रा कापण्यापूर्वी चाचणी घ्यावी. एका लहान तुकड्याच्या कडेवर २.३, २.४, २.५, २.६, २.७ व २.८ मि.मी. अशा खाचा फणीच्या दातांप्रमाणे कापाव्यात व प्रत्येकीशेजारी तिचे माप कोरावे. त्याच पत्र्याची कड एकेका खाचेत घालून पाहावी. जी खाच तुकडा उलटा धरला तरी सोडीत नाही आणि हाताने ओढल्यास सोडते, ती योग्य. या फणीस लागणारा तळहाताएवढा पुठ्ठा पुढे वाया जाणारा सबंध पत्रा वाचवितो.

५. वर्गात करावयाचे पाठ

पुढील पहिल्या चार पाठांस यंत्र लागत नाही. किराणा दुकानातील रिकामी खोकी आणावीत.

पाठ पहिला : जाडी मोजणे. एका पुठ्ठ्याची जाडी साध्या पट्टीने नीट मोजता येत नाही. म्हणून त्याच खोक्याचे दहा सारखे तुकडे एकावर एक रचावेत व गठ्ठ्याची उंची मोजावी. गठ्ठा ३१ मि.मी. भरला तर एकाची जाडी ३.१ मि.मी. येथे दशांश चिन्हाचा अर्थ मुलांस हाताने कळतो. वेगवेगळ्या गटांची उत्तरे थोडी वेगळी येतील. कोणी गठ्ठा अधिक दाबला असेल, कोणी चुरगळलेले तुकडे घेतले असतील. एकच उत्तर फळ्यावर लिहून न टाकता भेदाचे कारण शोधू द्यावे.

पाठ दुसरा : खाच पाडणे. पेन्सिलीच्या रेघेलाही रुंदी असते. रेघेच्या आतून कापावे, बाहेरून कापावे की मधून, हा प्रश्न विचारावा. तिन्ही प्रकारे खाचा पाडून कोणती खाच पुठ्ठा धरून ठेवते ते पाहावे. कात्रीने भुसा पडत नाही, म्हणून तिचा काप जवळजवळ शून्य असतो. पण रेघेच्या रुंदीमुळे होणारा फरक तसाच दिसतो. लेसरच्या कापाची कल्पना येथूनच द्यावी.

पाठ तिसरा : बियाण्यांचे खण. २४० मि.मी. लांब व ६० मि.मी. उंच अशा सहा पट्ट्या घ्याव्यात. प्रत्येकीवर ६०, १२० व १८० मि.मी. अंतरावर ३० मि.मी. खोल खाचा पाडाव्यात. तीन पट्ट्यांच्या खाचा वरून व तीन पट्ट्यांच्या खालून ठेवून त्या उभ्या-आडव्या गुंतवाव्यात. २४० मि.मी. चौरस खोक्यात ही जाळी ठेवली की सोळा खण होतात व त्यांत परिसरातील बियाण्यांचे नमुने मांडता येतात. खाच उंचीच्या निम्म्याने खोल का, हे मुलांनी सांगावे. पुष्कळ मुले ६० पासून ६३ पर्यंत खाच आखतात. परंतु ६० हे खाचेच्या मध्याचे स्थान आहे, म्हणून ३ मि.मी.ची खाच ५८.५ पासून ६१.५ पर्यंत आखावयास हवी. ही चूक जाळी गुंतविताना आपोआप उघड होते. पुठ्ठ्यातील नाल्यांची दिशाही पाहावी : नाल्या उभ्या ठेवल्यास पट्टी वरचे वजन अधिक पेलते, आडव्या ठेवल्यास ती लांबीच्या दिशेने कमी वाकते.

पाठ चौथा : चकत्यांचा संच. ६० मि.मी. व्यासाच्या चकत्या कापून कडेपासून केंद्राकडे १५ मि.मी. खोल खाचा पाडाव्यात. काही चकत्यांवर ९० अंशांच्या अंतराने चार, काहींवर १२० अंशांच्या अंतराने तीन, तर काहींवर ६० अंशांच्या अंतराने सहा. अशा वीस-पंचवीस चकत्यांपासून मनोरा, झाड, प्राणी, पूल यांपैकी काहीही उभे करता येते. काय करावे हे शिक्षकाने सांगू नये. कोनमापकाचा असा सहेतुक उपयोग पुस्तकातील आकृतीवर क्वचितच घडतो.

पाठ पाचवा : अक्षरांत माप. पहिल्या खोक्याऐवजी दुसरे, अधिक पातळ खोके द्यावे. आता सर्व खाचा बदलाव्या लागतील. प्रत्येक खाच पुन्हा मोजण्याऐवजी ‘ज – क’ असे एकदाच लिहून ठेवले तर? फ्रीकॅडसारख्या आज्ञावलीत नेमके हेच करता येते. जाडीचा आकडा एका जागी बदलला की त्यावर अवलंबून असलेल्या सर्व खाचा बदलतात. बीजगणितात संख्येऐवजी अक्षर का वापरतात, या प्रश्नाचे याहून पटणारे उत्तर सातवीच्या मुलास देणे कठीण आहे.

६. यंत्रापर्यंत कसे जावे?

प्रत्येक शाळेने यंत्र घ्यावे असे येथे सुचवावयाचे नाही. तालुक्याच्या गावी नामफलक, सन्मानचिन्हे व लग्नपत्रिका बनविणाऱ्या दुकानांत आता पुष्कळदा असे यंत्र असते. अभियांत्रिकी महाविद्यालयांतही आढळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली आहे. त्या काळात स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम पाहावे व शिकावे, असा हेतू आहे. अशी भेट आधी ठरवून घ्यावी. मात्र मुलांनी तेथे रिकाम्या हातांनी जाऊ नये. प्रत्येक गटाजवळ स्वतः मोजलेली जाडी, स्वतः काढलेली आकृती आणि स्वतःचे अनुमान असावे. अनुमान खरे ठरले की नाही, हे यंत्रातून निघालेला तुकडा सांगेल. बाजारात तयार कापलेले संच मिळतात. ते जोडण्यात मौज आहे, पण त्यांत माप दुसऱ्याचे असते. आपल्या विद्यार्थ्याचा तुकडा थोडा वाकडा निघाला तरी चालेल, माप त्याचे असले पाहिजे.

७. सुरक्षिततेचे नियम

(अ) यंत्र केवळ जाणत्या माणसानेच चालवावे. झाकण बंद असल्याशिवाय किरण सुरू करू नये. तो अदृश्य असतो व डोळ्यांस आणि कातडीस इजा करतो.

(आ) कापणी चालू असता यंत्रापासून क्षणभरही दूर जाऊ नये. पुठ्ठा व लाकूड पेट घेऊ शकतात. अग्निशामक साधन हाताशी असावे.

(इ) धूर बाहेर काढणारा पंखा चालू असल्याची खात्री करावी.

(ई) पी.व्ही.सी. कधीही कापू नये. फलकांचे फ्लेक्स कापड व बरेचसे रेक्झिन यांत तो असतो. त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा विषारी व दाहक वायू निघतो. तो फुप्फुसांस घातक असून यंत्रही गंजवितो. कोणते प्लास्टिक आहे हे निश्चित ठाऊक नसेल तर ते कापू नये.

(उ) वर्गात धारदार पात्याचे काम शिक्षकाने स्वतः करावे. मुलांस बोथट टोकाची कात्री द्यावी.

८. नोंद व मूल्यमापन

प्रत्येक गटाने एक वही ठेवावी. तीत पदार्थ, नावाची जाडी, मोजलेली जाडी, काप, आखलेली रुंदी व परिणाम असे सहा रकाने असावेत. परिणामाच्या रकान्यात ‘सैल’, ‘योग्य’ अथवा ‘घट्ट’ एवढेच लिहावे. ‘सैल’ अशी नोंद असलेली ओळ खोडू नये; तिच्याखाली दुरुस्त मापाची नवी ओळ लिहावी. दोन ओळींमधील फरक हेच विद्यार्थ्याच्या प्रगतीचे प्रमाण समजावे.

गणिताच्या वहीत उत्तर बरोबर की चूक हे शिक्षक ठरवितो आणि मूल त्याच्या तोंडाकडे पाहते. या कामात मात्र उत्तर जोडच देतो. खाच सैल झाली तर चकती गळून पडते. तेथे गुरुजींच्या लाल शाईची आवश्यकता उरत नाही. आपल्या मापाची परीक्षा आपणच घ्यावी आणि चुकल्यास पुन्हा मोजावे, ही सवय एकदा लागली की पुढे तो विद्यार्थी सुतार होवो, अभियंता होवो वा शेतकरी, ती त्याच्या उपयोगी पडेल. शिक्षकबंधुभगिनींनी येत्या सत्रात निदान पहिले तीन पाठ आपल्या शाळेत घेऊन पाहावेत, आणि त्यांसाठी यंत्राची वाट पाहू नये.